बायोडाटा : ‘अनुभव नाही’ असे लिहिण्याआधी

दहावी, बारावी किंवा आयटीआय झाली की आपल्या पाड्यांवरची मुलेमुली वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांत, नाहीतर बोईसरला तारापूर एमआयडीसीत काम शोधायला जातात. तेथे पहिला प्रश्न असतो, “बायोडाटा आणलाय का?” अनेकांच्या कागदावर नाव, जन्मतारीख, शिक्षण आणि पुढे ‘अनुभव : नाही’ एवढेच असते. हे ‘नाही’ बहुतेक वेळा खरे नसते.

जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिथे घरच्यांनी किती विटा थापल्या याचा हिशेब शिकलेला मुलगाच ठेवतो. मग ‘वीटभट्टीवर मजुरी’ एवढेच का लिहायचे? ‘तीन हंगाम वीटभट्टीवर काम, विटांची मोजणी आणि मजुरीचा हिशेब वहीत ठेवला’ असे लिहा. आईच्या बचत गटाची वही लिहिणे, वसतिगृहात वाढपाची जबाबदारी घेणे, शेतावरचा पंप दुरुस्त करणे हाही अनुभवच आहे. मात्र न केलेले काम लिहू नका. मुलाखतीत दोन प्रश्नांतच ते उघडे पडते.

एका पानाचा बायोडाटा पुरे. तो असा लिहावा :

१. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधार कार्डावर जसे आहे तसेच लिहा. दोन्हीकडे वेगळे असेल तर आधी दुरुस्त करून घ्या.
२. पाड्यावर रेंज नसते, म्हणून आपल्या नंबरासोबत निरोप नक्की पोहोचवील अशा माणसाचा नंबर त्याला विचारून द्या.
३. शेवटचे शिक्षण सर्वांत वर. शिक्षणात खंड पडला असेल तर एका ओळीत खरे कारण सांगा.
४. मग काम : कोणते, कुठे, किती दिवस.
५. येणाऱ्या भाषा लिहा. वारली किंवा कातकरी बोलीही लिहा; आरोग्य, शिक्षण आणि संस्थांच्या कामात तिला किंमत आहे.

खासगी नोकरीच्या बायोडाट्यात जात, धर्म किंवा आधार क्रमांक लिहिण्याची गरज नसते. सरकारी भरतीचे वेगळे आहे. तिथे ठरलेल्या नमुन्यातच अर्ज भरावा लागतो आणि आरक्षित जागेसाठी जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र लागते. वैधतेला वेळ लागतो, तेव्हा जाहिरातीची वाट न पाहता आधीच अर्ज करा.

मूळ कागदपत्रे कुणाच्याही हाती ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या. नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथून सरळ निघा.

शिक्षक आणि कार्यकर्त्यांना एक विनंती. मुलांना बायोडाटा लिहून देऊ नका. शेजारी बसा, “तू काय काय केलंस?” असे विचारा आणि त्यांनाच लिहू द्या. स्वतः लिहिलेले मुलाखतीत न अडखळता सांगता येते.