विधवेचा वारसाहक्क : धार व देवासच्या संदर्भात

माळव्यातील धार व देवास ही पवार घराण्याची संस्थाने. १८०७ मध्ये धारचे आनंदराव पवार (दुसरे) वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी मैनाबाई गरोदर होत्या. पुढे झालेला पुत्र बालपणीच दगावल्यावर त्यांनी बहिणीचा मुलगा दत्तक घेऊन त्याच्या नावाने कारभार केला व संस्थान टिकविले. एवढे कर्तृत्व असूनही गादीचा हक्क मुलाचाच मानला गेला.

सामान्य घरांतही हेच होते. मिताक्षरा परंपरेत एकत्र कुटुंबातील विधवेस केवळ पोटगी मिळे. १९३७ च्या कायद्याने पतीचा हिस्सा दिला, पण तो हयातीपुरता. शिवाय संस्थाने त्या कायद्याबाहेर होती. संपूर्ण मालकी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आली.

इस्लामने हा हिस्सा सातव्या शतकातच निश्चित केला. सूरह अन-निसाच्या बाराव्या आयतीनुसार, कर्ज व वसियत वजा जाता, पतीस अपत्य असल्यास विधवेस एक अष्टमांश, नसल्यास एक चतुर्थांश मिळतो. मात्र १९३७ च्या शरीअत कायद्यातून शेतजमीन वगळल्याने रूढीला वाव राहिला. मध्य प्रदेशात आज भू-राजस्व संहितेच्या कलम १६४ नुसार शेतजमिनीचा वारसाही व्यक्तिगत कायद्याने ठरतो.

म्हणजे कायदा विधवेच्या बाजूस आहे. हक्क बुडतो तो नामांतरणाच्या वेळी. मुलांची वा दिरांची नावे लागतात आणि ‘हक्क सोडला’ म्हणून तिचा अंगठा घेतला जातो. म्हणून खसऱ्याचा उतारा वाचावयास शिकविणे, हे अध्यापकांचे महत्त्वाचे काम ठरते.