‘ओन्ली’ कुठे आहे ते आधी बघा, मग सही करा

ताईंनो, आपल्या गटाचं चेकबुक, घरातलं मलमाचं खोकं आणि बँकेचा कर्जाचा अर्ज या तिन्हीवर इंग्रजीतला एक शब्द सापडतो : ओन्ली. ओ, एन, एल, वाय अशी चारच अक्षरं. अर्थ साधा आहे, ‘फक्त’. पण हा शब्द वाक्यात कुठे बसलाय यावर पुष्कळ काही ठरतं. म्हणून या वेळी याच एका शब्दाची नीट ओळख करून घेऊ.

आपला ‘च’ आणि त्यांचा ‘ओन्ली’

मराठीत आपण ‘फक्त’ म्हणतो किंवा शब्दाला ‘च’ जोडतो. ‘मीच जाईन’ आणि ‘मी जाईनच’ यातला फरक कुणी शिकवावा लागत नाही. आपला ‘च’ शब्दाच्या मागे चिकटतो. इंग्रजीतला ‘ओन्ली’ बहुतेक वेळा शब्दाच्या पुढे, म्हणजे आधी येतो. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

आता गटातलीच वाक्यं घेऊ. सेक्रेटरी म्हणजे सचिव, साइन्ड म्हणजे सही केली.

१. ‘ओन्ली द सेक्रेटरी साइन्ड द चेक.’ म्हणजे सचिवताईंनीच सही केली, दुसऱ्या कुणी नाही. गटाच्या खात्याला दोघींच्या सह्या लागत असतील तर हा चेक वटणार नाही.

२. ‘द सेक्रेटरी ओन्ली साइन्ड द चेक.’ म्हणजे सचिवताईंनी चेकवर फक्त सही केली. रक्कम भरली नाही, नाव लिहिलं नाही. हा झाला कोरा चेक!

३. ‘द सेक्रेटरी साइन्ड ओन्ली द चेक.’ म्हणजे त्यांनी चेकवरच सही केली, ठरावावर नाही.

४. ‘द सेक्रेटरी साइन्ड द चेक ओन्ली ऑन मंडे.’ म्हणजे सही सोमवारीच झाली, त्याआधी नाही.

बघा, शब्द जवळजवळ तेच. एक ‘ओन्ली’ सरकला आणि प्रत्येक वेळी वेगळीच गोष्ट झाली. उद्या गटात वाद झाला, चौकशी लागली, तर कोणतं वाक्य लिहिलं होतं याला महत्त्व येतं.

बोलताना मात्र इंग्रजी माणसं इतकी काटेकोर नसतात. ‘आय ओन्ली टूक टू थाउजंड’ असं ते सर्रास म्हणतात. अर्थ असतो ‘मी दोनच हजार घेतले’. ‘ओन्ली’ क्रियापदाआधी बसलाय, पण जोर दोन हजारांवर आहे. बोलण्यात आवाजाच्या चढउतारावरून हे कळतं, कागदावर कळत नाही. म्हणून महत्त्वाच्या कागदावर ज्या शब्दाला मर्यादा घालायची, अगदी त्याच्याच आधी ‘ओन्ली’ लिहावा.

आणखी एक गंमत. आपण मराठीसारखंच इंग्रजी बोलायला जातो आणि ‘आय विल कम टुडे ओन्ली’ म्हणतो. आपल्या मनात ‘मी आजच येते’ असतं. भारतात हे समजून घेतात. पण बाहेरचा माणूस अर्थ घेईल, ‘मी फक्त आजच्या दिवस येणार, पुन्हा नाही’. ‘आजच येते’ म्हणायचं असेल तर ‘आय विल कम टुडे’ एवढं पुरे.

चेकवरचा ‘ओन्ली’

चेकवर अक्षरी रक्कम लिहून शेवटी ‘ओन्ली’ लिहितात. मराठीत आपण ‘रुपये पाच हजार फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितो, तेच हे. इथे ‘ओन्ली’ कुंपणाचं काम करतो. ‘फाइव्ह थाउजंड’ लिहून पुढे जागा मोकळी ठेवली, तर कुणी ‘नाइन हंड्रेड’ घुसडून पाच हजारांचे पाच हजार नऊशे करू शकतं. चेकच्या १८८१ च्या कायद्याप्रमाणे आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर अक्षरी रक्कम खरी धरतात. म्हणून ‘ओन्ली’ रकमेला खेटून लिहा आणि उरलेल्या जागेवर रेघ ओढा.

चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी ओन्ली’ लिहितात. याचा अर्थ, ज्याचं नाव चेकवर आहे त्याच्याच खात्यात पैसे जातील, खिडकीवर रोख मिळणार नाहीत. बियाणेवाल्याला, किराणावाल्याला चेक देताना हे जरूर लिहा. चेक हरवला तरी दुसऱ्याला त्याचे रोख पैसे करता येत नाहीत.

अर्ज, पावती आणि जामीन

अर्जाच्या तळाला ‘फॉर ऑफिस यूज ओन्ली’ अशी चौकट असते. ती कार्यालयासाठीच. तिथे आपण काही लिहायचं नाही.

पावतीवर ‘इंटरेस्ट ओन्ली’ दिसलं तर थांबा. म्हणजे भरलेले पैसे फक्त व्याजात गेले, मुद्दल जसंच्या तसं आहे. समजा दहा हजारांचं कर्ज आहे आणि व्याज महिना दोन टक्के. दर महिन्याला २०० रुपये ‘इंटरेस्ट ओन्ली’ भरले, तर सहा महिन्यांत १२०० रुपये गेले आणि देणं अजून दहा हजारच! आपल्याला वाटतं, हप्ता फिटतोय.

आता याच्या उलट एक जोडी बघा : ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’. म्हणजे ‘केवळ हाच नव्हे, तर तोसुद्धा’. इथे ‘ओन्ली’ मर्यादा घालत नाही, मर्यादा काढून टाकतो. कर्जाच्या कागदावर ‘नॉट ओन्ली द बॉरोअर बट ऑल्सो द गॅरंटर’ असं आलं, तर कर्ज घेणाराच नाही, जामीनदारसुद्धा जबाबदार. तसंही १८७२ च्या करार कायद्यात, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरलेली आहे. ‘नुसती सही तर करायचीय, वहिनी’ असं कुणी म्हणालं, तरी ती सही ‘नुसती’ नसते.

औषधाच्या खोक्यावर

‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ : फक्त बाहेरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही. मलम, तेल, लोशनच्या बाटलीवर हे असतं. खोकल्याच्या औषधाशेजारी अशी बाटली ठेवू नका.

‘फॉर ॲनिमल ट्रीटमेंट ओन्ली’ : हे औषध जनावरांसाठीच. शेळ्या-म्हशी पाळणाऱ्या घरात हे वाचता येणं फार गरजेचं आहे.

काही औषधांवर इंग्रजीत लिहिलेलं असतं की नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ओन्ली’ विकावं. म्हणजे शेजारणीला गुण आला म्हणून आपण घ्यायचं नाही.

मोबाइलवर

यूपीआयचं एक वाक्य पाठच करून ठेवा : ‘पिन ओन्ली फॉर सेंडिंग मनी.’ पिन लागतो तो पैसे पाठवायलाच, घ्यायला नाही. ‘पैसे जमा करतोय, पिन टाका’ असं कुणी सांगितलं तर तो फसवतोय. फोन ठेवा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

प्रत्येकीने घरून एक खोकं, पावती किंवा अर्ज आणावा. ‘ओन्ली’ शोधावा आणि सगळ्यांना सांगावं, ‘फक्त काय? आणि मग काय नाही?’ हे दोन प्रश्न विचारले की अर्थ निघतोच. दहावी-बारावीतल्या लेकीसुनांना सोबत बसवा, त्यांचाही अभ्यास होईल.

बँकेत कागद समजला नाही, तर ‘ओन्ली’वर बोट ठेवून साहेबांना विचारा, ‘साहेब, हे फक्त कशाला लागू आहे?’ विचारण्यात कमीपणा नाही. उत्तर मराठीत मिळाल्यावरच सही करा.