टूलचं आयुष्य वाढवणारं कोटिंग: आधी हिशेब, मग टाकी!



भोसरी असो, सातपूर असो की कुपवाड, छोट्या वर्कशॉपचं एक रोजचं दुखणं असतं. टूलची धार जाते, मशीन थांबतं, नवीन टूल आणावं लागतं. मग वाटतं, टूलला कोटिंग करून द्यायचाच धंदा टाकला तर? कल्पना चांगली आहे. पण पैसे घालण्याआधी विषय समजून घ्या.

कंपोझिट प्लेटिंग म्हणजे काय?

निकेल प्लेटिंगच्या टाकीत साधारणपणे निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिडचं द्रावण असतं. करंट सोडला की टूलवर निकेलचा थर चढतो. याच द्रावणात सिलिकॉन कार्बाइडची बारीक पावडर टाकून सतत ढवळत राहिलं, की तिचे कणही थरात अडकतात. चिक्की आठवा! गूळ म्हणजे निकेल, शेंगदाणे म्हणजे कडक कण. ढवळणं थांबलं की पावडर तळाला बसते आणि थर नुसता 'गुळाचा' होतो.

हिऱ्याच्या फाइल आणि छोटे बर असेच बनतात. काच, सिरॅमिक, कार्बाइडसाठी ते उत्तम. स्टील घासायला मात्र हिरा नको, कारण उष्णतेने त्याचा कार्बन लोखंडात मिसळतो. तिथे सीबीएन वापरतात. थर झिजला की तो काढून त्याच दांड्यावर पुन्हा प्लेटिंग करता येतं. नवख्यासाठी खरी संधी इथे आहे.

नवखा माणूस कुठे फसतो?

१. धार: कडेला करंट जास्त जातो, थर जाड बसतो आणि धार बोथट होते.

२. माप: ६० अंशाच्या आट्याच्या टॅपवर १० मायक्रॉन थर दिला, तर पिच डायमीटर ४० मायक्रॉनने वाढतो. आटा सैल होतो, गिऱ्हाइकाचा माल रिजेक्ट!

३. ठिसूळपणा: प्लेटिंग करताना कडक स्टीलमध्ये हायड्रोजन शिरू शकतो आणि टूल तुटू शकतं. म्हणून प्लेटिंगनंतर लगेच, साधारण २०० अंशांवर काही तास भट्टीत ठेवतात.

बारीक ड्रिल आणि टॅपसाठी पीव्हीडी कोटिंग बरं पडतं, कारण तो थर फक्त काही मायक्रॉनचा असतो. सगळ्या टूलना 'हो' म्हणू नका.

आता हिशेब

समजा, २०० रुपयांचं टूल ४०० जॉब काढतं. म्हणजे जॉबला ५० पैसे. कोटिंगचे ८० रुपये धरले तर खर्च २८०. मग टूलने निदान ५६० जॉब काढले तरच गिऱ्हाइकाचे पैसे वसूल. त्याच्या वर गेलं तर त्याचा फायदा, शिवाय टूल बदलायला मशीन कमी वेळा थांबतं, तो वेळ वेगळा वाचतो.

सुरुवात कशी कराल?

लगेच टाकी मांडू नका. इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषणाच्या 'रेड' वर्गात येतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि सांडपाण्याची सोय आधी लागते. निकेलचं पाणी गटारात सोडणं म्हणजे धंद्याला आपल्याच हाताने कुलूप लावणं!

आधी परवाना असलेल्या प्लेटरकडून जॉबवर्क करून घ्या. एकाच वर्कशॉपची १० टूल घ्या: ५ कोटिंगची, ५ बिनकोटिंगची. मशीन तेच, माल तोच. प्रत्येक टूलने किती जॉब काढले ते वहीत लिहा.

ती वही हातात असेल तर गिऱ्हाइकाला जास्त समजावत बसावं लागणार नाही. आणि आकडे विरोधात गेले, तर तुमचे टाकीचे पैसे वाचले, हेही काही कमी नाही!

चला, कामाला लागा. शुभेच्छा!