उधळलेला घोडा, समोर न हलणारा ओंडका

इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या स्पर्धेतल्या क्रॉस-कंट्रीत बहुतेक अडथळे पक्के रोवलेले असतात. शो-जम्पिंगमधला दांडा खूर लागताच खाली पडतो. इथला ओंडका हलत नाही. वरच्या पातळीवर घोडा मिनिटाला सुमारे ५७० मीटर धावतो. त्या वेगात तो चेकाळून मान उंचावू लागला, की त्याला पुढची जमीन नीट दिसत नाही, उडीचा अंदाज चुकतो आणि घोडा आणि स्वार दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

स्वार घाबरला की लगाम ओढून धरतो. नेमके हेच टाळायला हवे. सततच्या ओढीवर घोडा आपले वजन रेलतो आणि उलट जोरात पळतो. त्याऐवजी खांदे मागे घेऊन ताठ व्हावे, टाचा खाली दाबाव्यात, लगाम क्षणभर आवळावा आणि लगेच सैल सोडावा. घोडा ऐकेपर्यंत हेच पुन्हापुन्हा. माझ्या मते त्यातले सोडणेच जास्त महत्त्वाचे, कारण घोड्याला बक्षीस मिळते ते तिथे. तरीही आवरला नाही, तर एक मूठ मानेवर आयाळीत घट्ट रोवून दुसऱ्या हाताने लगाम वर-मागे खेचून सोडतात. हा आणीबाणीचा उपाय, सवयीचा नव्हे. सरावात मोकळी जागा असेल तर मोठे वर्तुळ घ्यावे. वळणे हळूहळू लहान केली की वेग आपोआप उतरतो.

हे सारे अडथळ्याच्या बरेच आधी उरकायचे. अखेरच्या दोन-तीन ढांगांत झटापट केली, तर घोड्याचे लक्ष उडीऐवजी तोंडातल्या कडीकडे जाते. तिथे हात शांत, पाय पोटाशी लागलेले, नजर अडथळ्यापलीकडे.