दाताचा जीव वाचविणारी द्रव्ये

मुलाचा दात किडला की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : “दुधाचाच तर आहे, पडेलच!” हे वाक्य पुढे महाग पडते. दुधाच्या मागच्या दाढा १० ते १२ वर्षांच्या वयापर्यंत टिकावयाच्या असतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा त्या राखून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे उगवणारी दाढ दुधाची नसतेच. कोणताही दात न पडता ती येते, म्हणून ती कायमची आहे हे पुष्कळ आईवडिलांच्या ध्यानी येत नाही.

दाताच्या कठीण आवरणाच्या आत दंतमज्जा असते. रक्तवाहिन्या, तंतू आणि जिवंत पेशी यांचा तो मऊ गाभा होय. कायमचा दात उगवल्यावर त्याचे मूळ पूर्ण होण्यास सुमारे ३ वर्षे लागतात, आणि ते काम ही मज्जाच करते. किडीने ती अकाली मेली, तर मूळ आखूड आणि त्याच्या भिंती पातळ राहतात. म्हणून उघडी पडलेली मज्जा जिवंत असेल, तर तिच्यावर औषधी द्रव्याचे झाकण घालतात. किंवा वरची बाधित मज्जा काढून मुळांतील निरोगी भागावर ते द्रव्य ठेवतात. ते द्रव्य कोणते असावे, हा खरा प्रश्न आहे.

१९२० साली जर्मनीत हर्मान यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड पुढे आणले. ते जंतूंचा नाश करते, मज्जेला नवा कठीण थर रचण्यास प्रवृत्त करते आणि स्वस्तही आहे. परंतु त्या थरात सूक्ष्म छिद्रे राहतात व द्रव्य कालांतराने विरघळते. दुधाच्या दातातील मज्जा कापून त्यावर ते ठेवल्यास दात आतून झिजण्याचा धोका असतो.

दुधाच्या दातांसाठी अनेक दशके फॉर्मोक्रेसॉल वापरले गेले. ते मज्जेला बरे करीत नाही, केवळ आहे त्या स्थितीत स्थिर करते. त्याचे यश चांगले. तथापि त्यातील फॉर्मल्डिहाइड मानवास कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. दातात वापरली जाणारी मात्रा अत्यल्प असली, तरी त्यामुळे पर्यायांकडे ओढा वाढला.

त्यांत अग्रमान एमटीएचा. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी ते विकसित केले. १९९३ पासून त्याची माहिती प्रसिद्ध होऊ लागली. बांधकामातील पोर्टलंड सिमेंटाचे हे शुद्ध भावंड ओलाव्यातच घट्ट होते. त्याखालचा थर अधिक सलग बनतो. पण ते महाग आहे, घट्ट होण्यास काही तास घेते आणि दात करडा पाडू शकते. त्याच जातीचे बायोडेंटीन सुमारे १२ मिनिटांत घट्ट होते व रंगही फारसा बिघडवीत नाही. म्हणून समोरच्या दातांना ते सोयीचे.

आमच्या मते पालकांनी ध्यानात ठेवावयाचे ते हे, की मेलेल्या मज्जेला कोणतेही द्रव्य जिवंत करीत नाही. गोड किंवा गार लागताच उठणारी आणि लगेच थांबणारी कळ ही अजून वेळ असल्याची खूण. रात्री आपोआप उठणारा ठणका, हिरडीवरील पुळी वा सूज ही बहुधा उशीर झाल्याची. दंतवैद्यांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : मज्जा जिवंत आहे काय, आणि झाकणासाठी कोणते द्रव्य वापरणार? वरचे भरण वा टोपी घट्ट बसली पाहिजे, आणि दुखणे थांबले तरी सांगितलेल्या वेळी पुन्हा तपासणी झालीच पाहिजे. खर्चाची अडचण असल्यास इंदूर, हैदराबाद किंवा गोव्यातील बांबोळी येथील शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. दात पडेल म्हणून थांबण्यापेक्षा, तो दुधाचा की कायमचा एवढे तरी आजच पाहून घ्यावे.