घरीं येणारें ग्रामदैवत

देवाच्या दर्शनास देवळांत जावें, हा सर्वत्रचा शिरस्ता. कोंकणांतील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यांतील शिमग्यांत मात्र हा क्रम उलटतो. ग्रामदेवता वर्षांतून एकदां स्वतः भक्तांच्या दारीं जाते. त्यामुळें हा सण घरचा कीं गांवचा, असा भेद तेथें करतां येत नाहीं.

फाल्गुन शुद्ध पंचमीपासून लहान होळ्या पेटूं लागतात. मोठा होम कांहीं गांवीं त्रयोदशीस, तर कांहीं गांवीं पौर्णिमेस होतो. यावरून ‘तेरसे’ आणि ‘भद्रेचे’ असे शिमग्याचे दोन प्रकार पडले आहेत. होळीचें झाड, कोठें आंबा, कोठें पोफळ, गांवकरी खांद्यावरून वाजतगाजत आणतात. देवतेचे मुखवटे, ज्यांस तेथें ‘रूपें’ म्हणतात, ते पालखींत बसवितात. ढोल-ताशांच्या तालावर पालखी नाचविली जाते आणि मग तिचा घरोघरचा फेरा सुरू होतो.

पालखी येणार त्या दिवशीं खळें सारवून रांगोळी घालतात. पालखी पाटावर टेकली म्हणजे घरची सुवासिनी खण, नारळ व तांदूळ यांनीं देवीची ओटी भरते. नंतर गुरव किंवा एखादा जाणता मानकरी गाऱ्हाणें घालतो. हें गाऱ्हाणें संस्कृतांत नसतें, बोलीभाषेंत असतें. घरांतील आजारपण, मुलीचें अडलेलें लग्न, मुंबईस गेलेल्या मुलाची चाकरी, सारें देवापुढें मांडलें जातें, आणि भोंवतीं जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणून दुजोरा देतात. एरव्हीं भिंतीआड झांकून ठेवलेलें दुःख त्या घटकेस चारचौघांच्या तोंडीं येतें. देव ऐकतो कीं नाहीं, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. शेजारी मात्र खास ऐकतो.

याच घटकेसाठीं चाकरमानी गांव गांठतो. पूर्वीं तो आगबोटीनें येई. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाल्यापासून गाडीनें येतो. वर्षभर बंद राहिलेलें घर तो पालखीसाठीं उघडतो, कारण दाराशीं आलेला देव कुलूप पाहून पुढें जावा, हें त्यास सोसत नाहीं.

परंतु जो फेरा गांव एकत्र बांधतो, तोच कधीं गांव फोडतो. पालखीस पहिला खांदा कोणाचा, ती प्रथम कोणत्या वाडींत न्यावी, या मानापानावरून भाऊबंदांत तंटे होतात. प्रकरण सरकारदरबारीं जातें आणि पालखी देवळांतच अडकते. कित्येक गांवीं अस्पृश्य मानलेल्यांच्या वाडींत ती पूर्वीं जातच नसे. गांव आपले म्हणून कोणास मोजतो, हें पालखीच्या वाटेवरून चांगलें कळे.

फेरा संपला म्हणजे पालखी देवळांत परतते व रूपें उतरवून ठेवतात. तोंवर पुष्कळ चाकरमान्यांनीं घरांस पुन्हां कुलुपें लावलेलीं असतात. खळ्यांत गुलाल तेवढा राहतो.