नोटिशीचे नव्वद दिवस

गेल्या भाऊबीजेला मी अमरावतीहून अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणी आटोपल्यावर भाचा लॅपटॉप घेऊन शेजारी बसला आणि म्हणाला, "मामा, राजीनामा लिहिलाय. पाठवण्याआधी एकदा नजर घाला."

तो पुण्यातील एका संगणक कंपनीत नोकरीला. नियुक्तीपत्रात नव्वद दिवसांच्या नोटिशीची अट होती आणि नवी कंपनी तीस दिवसांत हजर व्हा म्हणत होती. पत्रात त्याने सरळ लिहून टाकले होते की तिसाव्या दिवसानंतर मी कामावर येणार नाही. बहीण दारातूनच म्हणाली, "दादा, तूच सांग त्याला. ही संधी गेली तर पुन्हा कधी यायची?"

तिचा तो प्रश्न मला फार जुना वाटला. शाखा व्यवस्थापक असताना माझ्या हाताखालच्या एका तरुण अधिकाऱ्यानेही तोच प्रश्न मला विचारला होता. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकाऱ्यांसाठीच्या 1979च्या सेवा विनियमांत राजीनाम्यापूर्वी तीन महिन्यांची लेखी सूचना सांगितली आहे. मात्र सक्षम अधिकाऱ्याला ती मुदत कमी करण्याचा किंवा माफ करण्याचाही अधिकार त्याच नियमाने दिला आहे. त्या मुलाला दुसरीकडे चांगली जागा मिळत होती आणि त्याने सहा आठवड्यांत मोकळे करण्याची विनंती केली होती. शाखेत माणसे कमी होती. मी अर्जावर "शिफारस नाही" असा शेरा मारून तो वर पाठवला. तिकडची जागा थांबली नाही. पुढे तो माझ्याच शाखेत काम करत राहिला. त्या अर्जाविषयी एक शब्दही कधी बोलला नाही. नियमाचा पहिला अर्धा भाग मी पाळला होता, दुसरा अर्धा वाचलाच नव्हता. कोणते काम अडेल, ते कोण घेईल, किती दिवस लागतील, एवढे तीन प्रश्न त्याला विचारले असते तरी वाट निघाली असती.

मुदत कशासाठी?

माझे आजोबा अकोल्याच्या कापूस बाजारात एका अडत दुकानावर मुनीम होते. त्या काळी नियुक्तीपत्र नव्हते, नोटीसही नव्हती. पण मुनीम दुकान सोडणार असला तर खतावणी जुळवून, येणे-देणे नव्या माणसाला समजावून, किल्ल्या शेठजींच्या हाती ठेवूनच पायरी उतरे, असे ते सांगत. नोटिशीच्या मुदतीचा मूळ हेतू तोच आहे. मागे राहणाऱ्यांचे काम अडू नये, इतका अवधी त्यांना मिळावा.

नव्वद दिवस हा आकडा कायद्याने सर्वांवर घातलेला नाही. तो करारातून येतो. 1946च्या कायद्याखालील नमुना स्थायी आदेशांत मासिक वेतनावरील कायम कामगारासाठी एक महिन्याची सूचना अथवा तितके वेतन पुरेसे मानले होते, आणि तोच नियम मालकालाही लागू होता. म्हणून नियुक्तीपत्रातील ते कलम पेन्सिल हाती घेऊन वाचावे. मुदतीऐवजी वेतन भरण्याची सोय आहे का? असल्यास तो पर्याय कर्मचाऱ्याचा आहे, की कंपनीची संमती लागते? वेतन म्हणजे मूळ वेतन की एकूण वेतन? शिल्लक रजा मुदतीत धरता येते का?

"पण मामा, मी गेलोच नाही तर ते काय करतील?" भाच्याने विचारले. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही. 1963च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे तत्त्व तसेच आहे. पण कराराची आर्थिक बाजू त्यामुळे मिटत नाही. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली, तर दोन लाख रुपये भरण्याची अट होती. ती अट वैध असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी दिला. सार्वजनिक बँकेला रिकामी जागा भरण्यासाठी पुन्हा जाहिरात आणि निवडीची खर्चीक प्रक्रिया करावी लागते, हे न्यायालयाने विचारात घेतले. सहीला किंमत असते, हा त्याचा अर्थ. शिवाय न सांगता निघून गेलेल्याला कार्यमुक्तीपत्र मिळणे कठीण होते आणि पुढच्या प्रत्येक नोकरीत ते पत्र मागितले जाते.

कागदावरचा हिशेब

आम्ही वही घेतली. भाच्याचे एकूण वेतन महिना 60 हजार, त्यात मूळ वेतन 30 हजार. मुदतीत साठ दिवस कमी पडले, तर वसुली एकूण वेतनावर 1 लाख 20 हजार होते आणि मूळ वेतनावर 60 हजार. एका शब्दाने रक्कम दुप्पट होते. त्याच्या पत्रात "मूळ वेतन" असे स्पष्ट होते. अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. नवी कंपनी ही रक्कम भरून देणार असेल, तर ती सामान्यतः वेतनात धरली जाऊन तिच्यावर प्राप्तिकर लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

मग मी त्याच्या रुजू होण्याची तारीख विचारली. सेवेची पाच वर्षे पूर्ण व्हायला अजून 43 दिवस होते! ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा हा 1972च्या कायद्यापासून चालत आलेला सर्वसाधारण नियम. मूळ वेतन गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले पाच, म्हणजे सुमारे 86 हजार 500 रुपये. तिसाव्या दिवशी निघाला असता तर या रकमेवर कंपनीने बोट ठेवले असते आणि त्याला काठावरच्या दिवसांचा वाद घालत बसावे लागले असते. भाचा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला.

मागणे कसे मागावे

पहिले बोलणे नव्या कंपनीशी करायचे ठरले. थोडी अधिक मुदत मागितल्याने देऊ केलेली नोकरी काढून घेतली जाईल, ही भीती बहुतेकांना असते. पण नेमकी तारीख सांगणाऱ्या माणसाचे ऐकून घेतले जाते. मात्र लेखी नियुक्तीपत्र हाती येण्याआधी राजीनामा देऊ नये. नव्या कंपनीने पन्नास दिवस थांबण्याचे लेखी मान्य केले.

मग जुन्या वरिष्ठांची पाळी. भाच्याने आधी त्यांची प्रत्यक्ष भेट घेतली आणि नंतर पत्र दिले. जुने पत्र पुसून आम्ही लिहिले ते असे: "माझ्याकडील कामांची यादी, प्रत्येक काम कोणाकडे सोपवता येईल व किती दिवसांत, यांच्या तपशिलासह सोबत जोडली आहे. हे हस्तांतर पन्नास दिवसांत पूर्ण होईल. तोपर्यंत मी पूर्ण वेळ उपलब्ध राहीन. त्या दिनांकास मला कार्यमुक्त करावे आणि उर्वरित दिवसांचा हिशेब शिल्लक रजा व मूळ वेतन यांतून करावा, ही विनंती." पत्रात तक्रार नव्हती, नव्या पगाराची बढाई नव्हती आणि धमकी तर नव्हतीच.

वरिष्ठांनी यादीत दोन कामे वाढवली आणि तारीख मान्य केली. उरलेल्या चाळीस दिवसांपैकी बारा रजेत वळते झाले आणि अठ्ठावीस दिवसांचे 28 हजार अंतिम हिशेबातून कापले गेले. ही संमती त्याने ईमेलवर घेतली. तोंडी होकार देणारा वरिष्ठ उद्या बदलून गेला, तर तो होकार त्याच्याबरोबरच जातो.

प्रत्येकाला असेच यश येईल असे नाही. काही ठिकाणी यादी कितीही नीट केली तरी नकार मिळतो. तेव्हा पैसे भरावे, किंवा मुदत पूर्ण करून नव्या ठिकाणी मोकळेपणाने तसे सांगावे. पण विचारण्याआधीच हार मानणे आणि न विचारताच निघून जाणे, या दोन्ही चुका टाळता येतात.

भाच्याचे कार्यमुक्तीपत्र आले त्या दिवशी त्याने ते मला मोबाईलवर पाठवले. ते वाचताना त्या तरुण अधिकाऱ्याचा अर्ज आठवला. आपल्या समाजातील अनेक बंधू-भगिनी आज दुकाने, कारखाने आणि कार्यालये चालवतात. त्यांच्या टेबलावर असा अर्ज आला, तर शेरा लिहिण्यापूर्वी त्यांनी ते तीन प्रश्न जरूर विचारावेत. मी विचारले नाहीत.